९० किलोचं डुक्कर, ओलं वावर अन गाडी निवडायची आमची गोष्ट

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात. तीन बाजूनं काळी वावरं अन एका बाजूनं जंगल. पीक म्हणजे कापूस, तूर, सोयाबीन, थोडाफार हरभरा. ज्वारी अन भुईमूग माझ्या लहानपणी घरोघरी होता, आता कोणी पेरत नाही, डुकरं ठेवतच नाहीत तर पेरून करायचं काय. रात्रभर जागली, फटाके, झटका मशीन, जुन्या साड्यांचं कुंपण, सगळं करून झालं. शेवटी पाच-सहा जणांनी मिळून वनविभागाकडं अर्ज केला, पंचनामे जोडले, अन बऱ्याच चकरा मारल्यावर पिकाचं नुकसान करणारं रानडुक्कर मारायची परवानगी मिळाली. बंदूक लायसनवाल्या माणसाची, परवानगी कागदावर, अन सगळं वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये बसतं तेवढंच. हे पहिलेच सांगतो कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडं शिकार बंद आहे, खाली जे लिहितो ते हौसेनं बंदूक घेऊन फिरणाऱ्यासाठी नाही, अन वावराला करंट लावणाऱ्यासाठी तर अजिबात नाही, त्या करंटनं आपल्या भागात डुकराआधी माणसं मेलीत.

तर परवानगी मिळाली, अन आम्हाला वाटलं अवघड काम संपलं.

परतीचा पाऊस होऊन आठ दिवस झाले असतील, कापसाचा पहिला वेचा (वेचणी) चालू होता. रात्री तीनच्या सुमारास दादाच्या वावरात (दादा म्हणजे माझा चुलतभाऊ) एक मोठा नर पडला. वावराच्या अगदी मधात, पऱ्हाटीत (उभ्या कापसात). आता पुढची गोष्ट लोकांना माहीत नसते म्हणून सांगतो, परवानगीनं मारलेलं जनावर हे कलम ३९ प्रमाणं सरकारची मालमत्ता होते. त्याला कापायचं नाही, वाटायचं नाही, घरी न्यायचं नाही. वनरक्षक येतो, पंचनामा होतो, अन त्याच्या समोर विल्हेवाट लागते, आमच्याकडं खड्डा करून पुरतात. खड्ड्याची जागा गार्ड साहेबांनी दाखवली पडीतात, विहिरीपासून अन नाल्यापासून दूर. जनावर पडलं तिथून ती जागा साडेतीनशे-चारशे मीटर. मधात पऱ्हाटी, मग धुरा (बांध), मग नाल्याचा उतार, मग पांदण.

आम्ही काय केलं तर मागच्या पायाला दोर बांधला अन चौघांनी ओढलं. सकाळचे नऊ वाजले होते, ऊन लागून राहिलं होतं, जनावर फुगायला लागलं होतं. ओल्या काळ्या मातीत ९० किलोचं धूड ओढणं काय असते ते ज्यानं ओढलं त्यालाच कळते. दर दहा पावलांवर थांबायचं. केस उलटे जातात, माती अंगाला चिकटून वजन वाढत जाते, अन वाटेत जे येईल ते मोडते. बोंडं लदलेली पासष्ट-सत्तर झाडं मोडली आमची, मी मोजली नंतर. डुकरानं त्या रात्री एवढं नुकसान केलं नव्हतं. धुऱ्यावर चढवताना दादाची कंबर लचकली ती अशी की तो पंधरा दिवस खाटेवर, वेचा वहिनीनं अन मजुरांनी काढला.

मोठेबाबा (दादाचे वडील) धुऱ्यावर उभे राहून सगळं पाहत होते. ते एकच बोलले, "जीव गेला त्याचा. आता त्याले असं फरफटत नेऊ नका रे पोट्टेहो. मेलेल्या ढोरालेबी आपण बंडीत नेतो." मला ते लागलं. कंबर, पऱ्हाटी ते सगळं आहेच, पण ते वाक्य जास्त लागलं.

तर प्रश्न असा होता: हंगामात चार-पाच वेळा, ४० ते १०० किलोचं मेलेलं जनावर, ओल्या काळ्या वावरातून पांदणीपर्यंत, दोन माणसांनी, पीक न मोडता अन कंबर न मोडता कसं आणायचं. त्यासाठी कोणती गाडी.

गावात जे आहे ते पहिले तपासलं. बंडी (बैलगाडी) सगळ्यात साधा उपाय वाटतो, पण उभ्या पऱ्हाटीत बंडी घालता येत नाही, अन बैल रानडुकराच्या वासाला बुजतात, आमच्या शेजाऱ्याची जोडी वीस फुटांवरूनच कान टवकारून मागं सरकली. शिवाय गावात बैलजोड्या उरल्याच किती. ट्रॅक्टर पांदणीपर्यंत येतो, पुढं नाही, ओल्यात आला तर तोच फसतो. दांडीला चारही पाय बांधून खांद्यावर न्यायची जुनी पद्धत आहे, ४० किलोच्या डुकराला ठीक आहे, ९० ला दोन्ही खांदे अन मणका तिघंही जातात, अन जनावर झोके खाते त्यानं पाऊल पडत नाही नीट. बांधकामावरची एका चाकाची ढकलगाडी आणून पाहिली. तिचं चाक लहान, अन अर्धं वजन आपल्या हातावर येते, जरा तिरपी झाली की सगळं एका बाजूला. पिकाची दोन तासं (ओळी) ओलांडली अन उलटली.

मग भाचा आला दिवाळीला, नागपूरला इंजिनिअरिंगला आहे. त्यानं फोनवर दाखवलं की अमेरिकेत यासाठी तयार गाड्याच मिळतात. तिथं हरणाच्या शिकारीचा सीझन असतो, लायसन असते, अन माणूस एकटा जंगलात दोन-तीन किलोमीटर आत जाऊन हरीण मारतो, मग ते बाहेर आणायचं कसं, तर 'गेम कार्ट'. दोन चाकं, ॲल्युमिनियम नाहीतर लोखंडी पाइपाची लांबट फ्रेम, स्ट्रेचरसारखी, एका टोकाला हँडल, घडी होते, पट्ट्यानं जनावर बांधायचं अन ओढत आणायचं. बहुतेक गाड्यांवर ३०० ते ५०० पौंड क्षमता लिहिलेली असते, म्हणजे १३५ ते २२५ किलो. गाडीचं स्वतःचं वजन १५-२० किलो. अजून एक गोष्ट मला त्यातली आवडली, तिथं १९६४ च्या कायद्यानं राखलेली जी विल्डरनेस जंगलं आहेत त्यात यांत्रिक वाहतूक बंद, म्हणजे मोटर तर नाहीच पण ही हातानं ओढायची दोन चाकी गाडीपण नाही. तिथं खांद्यावर नाहीतर घोड्या-खेचरावरच आणावं लागते.

दादा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "अशीच बनवून घेऊ, २०० किलोची." सगळ्यांचं लक्ष त्या आकड्यावर. माझंही होतं, खोटं कशाला बोलू. वेल्डरकडं गेलो तर त्याचा पहिला प्रश्न तोच, किती किलोची पाहिजे.

पण मोठेबाबांनी आयुष्यभर बंडी हाकलेली. ते म्हणाले, "अबे वजनाचं काय घेऊन बसले, शंभर किलो तं सायकलबी नेते डांबरीवर. चाक पाह्य पहिले. आपल्या वावरात चाक कसं चालते ते पाह्य." अन माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला नेमका मुद्दा तोच होता. व्हिडिओतली गाडी पानांनी झाकलेल्या पक्क्या जंगलवाटेवर चालते, हरणाची आतडी शिकारी जागेवरच काढतो म्हणून वजनही कमी होते. आपल्याकडं जनावर अख्खं न्यायचं असते, अन खाली काळी माती. ही माती पाणी पिऊन फुगते अन गुळासारखी चिकटते, वाळली की दोन-तीन इंचाच्या भेगा पाडते. म्हणजे ओल्यात चाक रुततं अन वाळल्यावर लहान चाक भेगेत अडकतं. गाडीवर २०० किलो लिहिलं काय अन ५०० लिहिलं काय, त्याचा इथं उपयोग नाही.

मग आम्ही एक प्रयोग केला, मला तो फार उपयोगी पडला म्हणून सविस्तर लिहितो. कापूस मोजायचा ताणकाटा घेतला. गावात जी दोनचाकी गाडी मिळेल ती आणली, तिच्यावर ५० किलोच्या सिमेंटच्या दोन बॅगा ठेवल्या, दांडीला ताणकाटा अडकवला अन काट्याला धरून ओढलं. चालती गाडी ठेवायला किती किलो जोर लागतो तो आकडा काट्यावर दिसतो. डांबरीवर ४-५ किलो. पांदणीवर, जिथं मुरूम आहे तिथं, ८-१० किलो. अन त्याच गाडीला ओल्या वावरात टाकलं, लहान चाकाची होती ती, काटा ३५ च्या वर गेला अन गाडी थांबली. चाकाच्या मागं मातीची अशी जाड पोळी लागली होती, फ्रेममध्ये अन टायरमध्ये गच्च भरलेली, चाक फिरतच नव्हतं, घसरत होतं. म्हणजे आम्ही गाडी ओढत नव्हतो, परत जनावर फरफटतच होतो, फक्त मधात लोखंड आलं होतं.

त्या दिवशी तीन प्रकारची चाकं पाहिली. जुन्या सायकलचं २८ इंची चाक, म्हणजे गावातल्या त्या उंच काळ्या सायकलचं: उंच आहे म्हणून ढेकळांवरून सहज जाते, पण टायर दीड इंच रुंद, ओल्यात चाकूसारखं कापत खाली जाते. शिवाय आडवा भार आला की आरे वाकतात, सायकल माणसाला तोलून चालते, गाडी धुऱ्यावर तिरपी होते तेव्हा चाकावर बाजूनं जोर येतो. दुसरं ऑटोचं चाक, ४ इंच रुंद अन ८ इंचाची रिम. रुंदीला चांगलं, कमी रुतते, पण एकूण उंची सोळा-सतरा इंचच, प्रत्येक सरी-वरंब्याला थडकते अन भेगेत बसते. तिसरं १०० सीसी मोटरसायकलचं पुढचं चाक, १८ इंची रिम, पावणेतीन इंच टायर. उंची दोन फुटाच्या जवळपास. तेवढ्याच वजनाला, त्याच ओल्या वावरात काटा २३-२५ च्या मधात राहिला. दोन माणसांना २५ किलोचा ओढ म्हणजे जमण्यासारखी गोष्ट. भंगारवाल्याकडं अशी दोन चाकं ६०० रुपयाला एक अशी मिळाली, आरे तपासून घेतले, बेअरिंग नवे टाकले.

यात अजून एक भर, ती पंक्चरवाल्या पोरानं सांगितली. हवा कमी ठेवा. मोटरसायकलला २५ च्या आसपास हवा भरतात, आम्ही १२ वर आणली, टायर जरा बसते अन जमिनीवर जास्त पसरते, काटा अजून दीड-दोन किलो खाली आला. मात्र हवा कमी अन बाभळीचा काटा या दोन गोष्टी जमत नाहीत, पांदणीच्या दोन्ही बाजूला बाभळीच आहेत आमच्या. म्हणून टायरच्या आत जुन्या सायकल टायरचे कडे कापून ती पट्टी ट्यूबच्या वरून फिरवली. भरीव टायर टाका असं वेल्डर म्हणत होता, पण ते जड होते अन त्याला बसवता येत नाही, कडकच राहते. पट्टीवर आतापर्यंत एक पंक्चर झालं, एकच.

आता चूक सांगतो. मोटरसायकलचं चाक दोन्ही बाजूनं धरायसाठी बनलेलं असते, फोर्कमध्ये. त्याचा आस बोटाएवढा, १२ एमएमचा. आमच्या वेल्डरनं, अन मीही मान हलवली म्हणून माझीही चूक आहे, फ्रेमच्या बाहेरून एकाच बाजूनं बोल्ट वेल्ड करून चाक लावलं, हातगाडीला लावतात तसं. दिसायला एकदम झ्याक. सिमेंटच्या दोन बॅगा ठेवून रस्त्यावर फिरवली, काही झालं नाही. वावरात नेली, धुऱ्यावरून डावं चाक धपकन खाली उतरलं अन आस वाकला. चाक आत कलंडून फ्रेमला घासायला लागलं. एकाच बाजूनं धरलेल्या बारीक दांडीवर टोकाला भार टाकला तर ती वाकणारच, हे आम्हाला आधी सुचायला पाहिजे होतं. परत नेली, प्रत्येक चाकाच्या दोन्ही बाजूला पट्टीचा दुहेरी आधार केला, म्हणजे प्रत्येक चाक आपल्या आपल्या फोर्कमध्ये बसलं. यानं गाडी रुंद झाली, बाहेरून बाहेर ३४ इंच. कोणी बनवणार असेल तर एवढं नक्की करा, नाहीतर मग जाड आसाचं ट्रॉलीचं चाक घ्या, जे एका बाजूनं धरायसाठीच असते. चाक अन फ्रेम यांच्यात जागाही सोडा, आम्ही टायरच्या चारी बाजूनं तीन इंच मोकळे सोडले, मडगार्ड वगैरे काही नाही. चिखल आला तर गळून पडायला वाट पाहिजे. गाडीला एक खुरपं बांधून ठेवलंय, दर शंभर पावलांनी आऱ्यातला चिखल काढायला.

दुसरी चूक तोलाची. फ्रेम पाच फूट लांब, आम्ही चाकं बरोबर मधात लावली, वाटलं वजन मधात येईल. पण रानडुकराचं वजन मधात नसते. त्याला पाहिलं असेल तर माहीत असेल, सगळा जोर खांद्यात, मानेत अन डोक्यात, मागचा भाग उतरता, हलका. पहिल्या खऱ्या डुकराच्या वेळी आम्ही घाईत डोकं मागच्या बाजूला ठेवून बांधलं. मी हँडल उचललं अन पुढच्या चढावर ते माझ्या हातातून सुटून वर आलं, हनुवटीला लागलं, दात ओठात शिरला, तीन टाके पडले. माझंच नशीब की डोळ्याला लागलं नाही. आता नियम असा केला, डोकं हँडलकडं, खांदा चाकाच्या जरासा पुढं, अन ओढायच्या आधी हँडल ताणकाट्यावर उचलून पाहायचं. ८ ते १० किलो दिसले पाहिजे. त्याच्यापेक्षा कमी तर चढावर गाडी मागं कलंडते, १५ च्या वर गेलं तर दीडशे पावलात मनगटं भरून येतात. जनावर चार बोटं पुढं-मागं सरकवलं की आकडा बसतो. दोन मिनिटांचं काम आहे, अन मला वाटते गाडी विकत घेणारानंही दुकानात हेच पाहावं, कारण चाक कुठं लावलंय यावर माणसाची पाठ अवलंबून आहे, पाटीवरच्या क्षमतेवर नाही.

आता ३४ इंचाची गाडी पऱ्हाटीत जाते का? नाही जात. आमची पेरणी तीन फुटावर आहे, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात फांद्या पसरून मधात दीड फूटही मोकळं राहत नाही. गाडी अरुंद करायची म्हटलं तर ती धुऱ्यावर उलटते, कारण चाकं जवळ अन भार उंच. यावर आम्ही बरेच दिवस डोकं लावलं, अन उत्तर गाडीत सापडलंच नाही. फवारणीसाठी आम्ही पिकाच्या दर बारा तासांनंतर (ओळींनंतर) एक तास मोकळा सोडतो. जनावर कुठंही पडलं तरी मोकळा तास वीस-बावीस फुटाच्या आत असतो. तेवढं अंतर ताडपत्री. जाड ताडपत्रीच्या चार कोपऱ्यांना दोराच्या कड्या केल्या, जनावर वर सरकवायचं, चौघांनी उचलून फांद्यांच्या वरून न्यायचं. उचलायचं, ओढायचं नाही. वीस फूट चौघांना जड जात नाही. मोकळ्या तासात गाडी उभी असते, हँडल खाली टेकवून, मग तिच्यावर सरकवून घ्यायचं. पुढच्या वर्षी एक मोकळा तास चार फुटाचा ठेवायचं ठरलंय.

हातमोज्यांचं सांगितलं पाहिजे, कारण गावात याला कोणी मनावर घेत नाही. जनावराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस, रक्तातून अन अंगातल्या पाण्यातून ब्रुसेलोसिस माणसाला होऊ शकते, हाताला वेचणीच्या वेळेस बोंडाच्या टोकानं ओरखडे असतातच सगळ्यांच्या. तर रबरी हातमोजे कोपरापर्यंत, अन काम झालं की साबणानं हात. अन ज्याच्याकडं पाळीव डुकरं आहेत त्यानं मेलेल्या रानडुकराजवळ येऊच नये, आला तर कपडे-चपला धुतल्याशिवाय आपल्या डुकरांत जाऊ नये, २०२० पासून आपल्या देशात आफ्रिकन स्वाइन फिवर आहे, माणसाला काही होत नाही पण डुकरांची खुराडीच्या खुराडी साफ होतात. म्हणून गाडीवर पत्र्याचं सुटं ताट केलं, कडा दोन इंच वर उचललेल्या, रक्त-पाणी खाली गळत नाही. काम झालं की ताट काढायचं, ब्लीचिंगच्या पाण्यानं धुवायचं, उन्हात उलटं टाकायचं. फ्रेमला ते लागतच नाही.

डिसेंबरात खरी परीक्षा झाली. दुसऱ्या एका काकांच्या तुरीत, नाल्याच्या पलीकडं, पहाटे एक मादी पडली, अंदाजे ६०-६५ किलो. दहिवर एवढं की चपला भिजून जड झालेल्या. मी अन शेजारचा एक पोट्टा, दोघंच होतो, बाकीचे गार्ड साहेबांना घ्यायला फाट्यावर गेलेले. ताडपत्रीनं मोकळ्या तासापर्यंत (त्यासाठी तेवढे दोघं जास्तीचे बोलावले), गाडीवर डोकं पुढं करून ठेवली, मागच्या पायाजवळ अन खांद्याजवळ असे दोन पट्टे. सामान बांधायचे ते कडीवाले पट्टे घ्या, दोर ओला झाला की सैल होतो. हँडल काट्यावर ९. तूर पार केली, धुरा पार केला. नाल्याच्या उतारावर गाडी आपल्याला ढकलते, तिथं मागं दोर बांधून पोट्ट्याला मागं थांबवलं, तो दोर बाभळीच्या बुंध्याला एक वेढा देऊन हळूहळू सोडत गेला अन मी नुसता दिशा देत उतरलो. चढावर त्यानं मागून ढकललं, मी कमरेला पट्टा लावून ओढलं, बैलाच्या जुन्या सामानातला रुंद पट्टा आहे तो, हातावरचा ताण अर्धा होतो. पांदणीवर आलो तेव्हा घड्याळ पाहिलं, पंचवीस मिनिटं. पहिल्या वेळी चौघांना दोन तास लागले होते. गार्ड साहेब आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, म्हणाले, "हे चाकं कुठून आणले तुम्ही?" मग त्यांनी फोटो काढून त्यांच्या दुसऱ्या बीटवर पाठवला.

मोठेबाबा खड्ड्यापर्यंत चालत आले होते. काही बोलले नाहीत. चुन्याची पिशवी त्यांनीच फोडली.

खर्च किती आला ते सगळे विचारतात. चाकं, बेअरिंग, चौकोनी पाइप, पत्रा, मजुरी, पट्टे, ताडपत्री, अन दोनदा केलेलं वेल्डिंग धरून साडेसहा हजाराच्या आसपास, सहा घरांत वाटला. ज्याची जमीन बरड आहे, मुरमाड, त्यानं एवढा खटाटोप करायची गरज नाही, त्याला ऑटोच्या चाकाचीही गाडी चालेल, स्वस्त पडेल अन बुटकी असल्यानं जनावर चढवायला सोपी. उलट ज्याचा त्रास रोह्यांचा (नीलगायींचा) आहे त्यानं या गाडीच्या भरवशावर राहू नये. मोठा नर रोही दोनशे किलोच्या वर जातो, फ्रेम कदाचित सहन करेल पण दोन माणसं उतारावर ते सांभाळू शकत नाहीत, तिथं ट्रॅक्टर येईपर्यंत थांबणंच बरं. विहिरीत पडलेल्या रोह्याच्या वेळी आम्ही तेच केलं.

एक अडचण बाकी आहे. वेचणीच्या बायांनी गाडी पाहिली अन वहिनीनं सरळ विचारलं, "मेलेल्या डुकराले गाडी अन आमच्या डोक्यावर पन्नास किलोचं गाठोडं, असं काऊन?" उत्तर नव्हतं कोणाकडं. दिवसभर वेचून संध्याकाळी ते गाठोडं डोक्यावर घेऊन त्या त्याच धुऱ्यावरून, त्याच नाल्यातून येतात, वर्षानुवर्षं. फ्रेम अन चाकं तीच चालतील, पण ज्या ताटात जनावर ठेवलं त्यात कापूस ठेवायचा नाही हे नक्की. म्हणून दुसरं ताट टाकलंय वेल्डरकडं, जाळीचं, कडा फूटभर उंच, दोन गाठोडी मावतील असं. त्याला माप वहिनीनं दिलं, हँडलची उंचीही तिनंच चार इंच खाली करायला सांगितली. सोमवारी मिळेल म्हणाला तो.